आगरकर, ‘केसरी’ आणि वाचकांचा कोप

नियतकालिक आणि त्याचा वाचक ह्यांचे नाते मोठे चमत्कारिक असते. वर्गणी भरली म्हणजे पत्र आपले झाले, असे वाचकास वाटते. लेखणी हाती आहे म्हणून पत्र आपले, असे संपादकास वाटते. दोघांची मते जुळत असतात तोवर हा मालकीचा वाद कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु एके दिवशी पत्राचा सूर पालटतो. काल ज्या पानांवर आपल्याच मनातले वाचावयास मिळत होते, त्याच पानांवर आज आपलीच हजेरी घेतलेली दिसते, आणि मग वाचक संतापतो. वेषभूषेची नि पाककृतींची चित्रे देणारे मासिक गंभीर प्रश्नांकडे वळले, किंवा गंभीर पत्र घरातल्या चालीरीतींत डोकावू लागले, म्हणजे हा संताप हटकून प्रकट होतो. महाराष्ट्रात अशा झगड्याचा एक मोठा प्रसंग १८८० नंतरच्या दशकात घडला. त्यात राजकारणाचा संबंध होता तसाच स्त्रियांच्या अंगावरील वस्त्राचाही होता. ह्या प्रसंगाचे नायक गोपाळ गणेश आगरकर. हा झगडा झाला पुण्यात. पण त्याची मुळे शोधू गेल्यास वाट वऱ्हाडात येऊन पोहोचते.

त्या काळचा वऱ्हाड म्हणजे मुंबई इलाख्याबाहेरचा मराठी मुलूख. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला होता आणि हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत त्याचा कारभार चाले. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात मिळविण्यात आला आणि १९९८ साली पुन्हा निर्माण झाला. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग अकोल्यावरून गेला. वाशीम त्याच्या दक्षिणेस दूर राहिले. अर्थात पुण्यामुंबईचे वर्तमान ह्या बाजूस टपालाने यावयाचे, आणि एका घरी आलेले पत्र दहा घरच्या मंडळींनी मिळून ऐकावयाचे, असा तो काळ होता.

टेंभू हे सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गाव. तेथे १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेला एक गरीब मुलगा शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी अशी वणवण करीत अखेर अकोल्यास नातलगांच्या आश्रयाला आला. अकोल्याच्या शाळेत त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांच्यासारखा विद्याव्यासंगी गुरू लाभला. ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून चार पैसे मिळविण्याची सोयही तेथेच झाली. १८७५ साली मॅट्रिक होऊन तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पुढे ज्याच्या लेखणीने सारा महाराष्ट्र हलविला, त्या आगरकरांनी वर्तमानपत्री लेखनाचा श्रीगणेशा वऱ्हाडच्या पत्रात गिरविला, ही गोष्ट वऱ्हाडच्या लोकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या मुलखातील वाचक कसा होता? वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील असंख्य घरांत सोवळ्याने वाचला जातो. त्यात पतिव्रतेचा आणि विधवेचा आचार विस्ताराने सांगितला आहे. स्त्रीने कसे वागावे, कोणते अलंकार व वस्त्र कोणी ल्यावे आणि कोणी टाकावे, हे सारे त्या काळी धर्माचे विषय होते. आज ज्याला आपण फॅशन म्हणतो तिला तेव्हा घरात जागाच नव्हती. कुंकू, बांगडी, चोळी, केस ह्यांपैकी प्रत्येक वस्तूमागे शास्त्राचा आधार उभा असे. तेव्हा स्त्रीच्या पोषाखासंबंधी कोणी चकार शब्द काढला, तरी त्याने देव्हाऱ्यालाच हात लावला असे कुटुंबप्रमुखास वाटे.

तथापि हा सर्व मुलूख एकाच मताचा होता असेही नव्हे. वाशीमच्या शेजारीच बुलढाणे. तेथल्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापवून प्रसिद्ध केले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेण्यात येत होते. ताराबाईंनी त्या लेखनाचे जळजळीत उत्तर दिले. वर्तमानपत्र वाचून संतापलेल्या एका वऱ्हाडी वाचक स्त्रीने पुस्तक लिहून आपला कोप प्रकट केला, असा ह्याचा अर्थ होतो. वाचकाचा कोप नेहमी जुन्याच्या बाजूने असतो असे नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

आता पुण्याकडे वळू. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, आगरकर, नामजोशी अशी तेजस्वी मंडळी त्यामागे होती आणि संपादनाचा मुख्य भार आगरकरांवर होता. पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्यासंबंधी छापलेल्या मजकुराबद्दल बदनामीचा खटला होऊन आगरकर व टिळक ह्या दोघांस शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचे प्रचंड स्वागत केले. ‘केसरी’ घरोघर पोहोचला. परकी सत्तेला न भिणारा संपादक म्हणून आगरकरांस वाचकांनी डोक्यावर घेतले.

परंतु सरकारला न भिणारा मनुष्य वाचकांनाही भीत नाही, हे त्या वाचकांच्या तेव्हा ध्यानात आले नव्हते. ऑगस्ट १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्या विषयांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वादाचा धुरळा उठला. त्याच वर्षी रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी ह्यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली, शिकलेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारीत होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली.

ह्या खटल्याने ‘केसरी’च्या घरातच भिंत उभी राहिली. संमती देण्याचे वय नसताना लागलेले लग्न बंधनकारक मानून एका सज्ञान स्त्रीस तुरुंगात पाठविणे हा अन्याय आहे, असे आगरकरांस वाटे. टिळकांचे म्हणणे असे की, हिंदू विवाहाचा निर्णय हिंदू धर्मशास्त्राप्रमाणेच झाला पाहिजे. समाज सुधारावयाचा तर तो लोकशिक्षणाने सुधारावा, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे. एकाच पत्रात दोन सूर उमटू लागले. पत्र एकट्या आगरकरांचे नव्हते. ते मंडळीचे होते, आणि मंडळीत बहुमत टिळकांच्या बाजूचे होते. अखेर ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले. आपण वाढविलेले पत्र, आपण जमविलेले वाचक आणि आपल्या जिवलग मित्राचा सहवास ही तिन्ही त्यांनी एकाच वेळी मागे ठेविली.

येथे ‘केसरी’च्या वाचकांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. ते सारे अडाणी किंवा दुष्ट होते असे म्हणणे सोपे आहे; परंतु ते खरे नाही. राज्य गेले, व्यापार गेला, आता घरातले शास्त्रही सरकार ठरविणार काय, ही त्यांची भीती निराधार नव्हती. घर हाच पराभूत समाजाचा शेवटचा किल्ला असतो, आणि त्याच्या दारावर पहारा देणारे पत्र त्यांस हवे होते. स्वतः टिळकांनीही सुधारणेला सरसकट विरोध केला नाही. १८९० साली त्यांनी असे सुचविले की, सुधारकांनी आपण होऊन मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत न करण्याचे बंधन स्वीकारावे. वाद होता तो सुधारणा कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या बळावर करावी, ह्याविषयी. मात्र ह्या सर्व वादात एक गोष्ट राहून जात होती. ज्या किल्ल्याचे रक्षण चालले होते, त्याच्या आत कोंडलेल्यांस कोणी काही विचारीत नव्हते. आगरकरांचा प्रश्न नेमका हाच होता.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ काढला. पत्र मराठी व इंग्रजी अशा दोन अंगांचे होते. इंग्रजी अंग तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. जे योग्य दिसेल ते बोलून दाखवावयाचे आणि जे शक्य असेल ते करून दाखवावयाचे, असा आगरकरांचा बाणा होता. मिल्ल आणि स्पेन्सर ह्यांच्या ग्रंथांचे संस्कार त्यांच्या बुद्धीवर झाले होते. कोणत्याही चालीला ते एकच प्रश्न विचारीत: ही चाल जुनी असेल, परंतु तिने मनुष्याचे सुख वाढते काय? सोवळे, केशवपन, बालविवाह, श्राद्ध, शिमगा ह्यांपैकी एकही विषय त्या प्रश्नातून सुटला नाही.

अशा लेखांपैकीच एकाचा मथळा होता: ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’. वरवर पाहता विषय क्षुल्लक. तत्कालीन चोळी पुढे गाठ मारावयाची, आखूड, अंग पुरते न झाकणारी. तिच्याऐवजी अंगभर शिवलेले, गुंड्यांचे जाकीट घालावे, एवढीच ती सूचना. परंतु ह्या सूचनेने वाचकांस जो झोंबरा चटका बसला, तो मथळ्यातील ‘च’ ह्या एका अक्षरात साठविलेला आहे. पुरुषांनी अंगरखा जाऊन कोट आला तेव्हा कोणत्याही शास्त्र्याचा अभिप्राय मागविला नाही. पायातली वहाण जाऊन बूट आला, हातात घड्याळ आले, कचेरीच्या सोयीसाठी पोषाख पालटला, आणि ह्या सर्वांस व्यवहार असे नाव मिळाले. तोच न्याय घरातील स्त्रीस लावा असे म्हणताच मात्र धर्म बुडाल्याची हाकाटी झाली.

कायदेमंडळातील वाद दूरचा असतो. तो वर्तमानपत्रात वाचून घडी करून ठेविता येतो. परंतु जाकिटाचा लेख वाचून मान वर केली की समोर बायको, बहीण, सून दिसणार. आज आपल्या घरात काय चालले आहे, असे तो लेख प्रत्येक वाचकास तोंडावर विचारीत होता. राजकीय लेखात अपराधी नेहमी इंग्रज असे. ‘सुधारका’च्या लेखात अपराधी खुद्द वाचकच होता. वाचकाच्या कोपाचे खरे कारण येथे आहे. सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या संपादकाचे धैर्य लोकांस आवडते, कारण त्याचा दंड संपादक भरतो. लोकांविरुद्ध लिहिणाऱ्याचे धैर्य त्यांस आवडत नाही, कारण तेथे दंड आपणास भरावा लागतो.

हा कोप केवळ शब्दांवर थांबला नाही. ज्या पुण्याने डोंगरीहून सुटून आलेल्या आगरकरांचे कौतुक केले, त्याच पुण्यात ते जिवंत असता त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. धर्मबुडव्या, भ्रष्ट, नास्तिक ही विशेषणे तर नित्याची झाली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा पुढे आला तेव्हा वादाने टोक गाठले. सहवासाला संमती देण्याचे मुलीचे वय दहावरून बारा वर्षे करावयाचे, एवढाच तो बदल. दहा आणि बारा ह्या दोन आकड्यांमधील अंतरासाठी सभा झाल्या, अर्ज गेले, जुने मित्र शत्रूसारखे लिहू लागले. ‘केसरी’ने विरोध केला, ‘सुधारका’ने पुरस्कार केला. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. त्याच वर्षी टिळकांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे त्यांवरील कर्जासह आपल्या शिरावर घेतली. दोन वाटा कायमच्या फुटल्या.

ह्याच सुमारास आणखी एक प्रयोग पुण्यात चालला होता, आणि तुलनेसाठी तो फार उपयोगी आहे. आगरकरांचेच विद्यार्थी हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले. नावाप्रमाणेच ते घरातील सर्वांनी मिळून वाचण्याचे पत्र. त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू नावाची बालविधवा आपली हकीकत स्वतःच सांगते, आणि तिच्या केशवपनाच्या प्रसंगापाशी येताच वाचणाऱ्याचा कंठ दाटून येतो. आगरकर जे सांगत होते तेच आपटे सांगत होते. परंतु आगरकरांनी वाचकास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि आपट्यांनी त्याला यमूच्या शेजारी बसविले. ज्या घरात ‘सुधारक’ दाराबाहेर अडला, त्या घरात ‘करमणूक’ माजघरापर्यंत गेली. म्हणून आगरकरांची पद्धत चुकली असे मात्र ठरत नाही. नांगराने जमीन फोडल्यावाचून पेरणी होत नाही. फोडणाऱ्याच्या वाट्याला ढेकळे येतात आणि पेरणाऱ्याच्या वाट्याला हिरवे शेत येते, इतकेच.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे मुख्याध्यापक झाले. परंतु दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते वारले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून वेगळे ठेविले होते, असे सांगतात. दुसऱ्या दिवशीच्या ‘केसरी’त टिळकांनी मृत्युलेख लिहिला. आठ वर्षांचे वैर बाजूस ठेवून ‘केसरी’च्या उभारणीतील आगरकरांचा वाटा त्यांनी मोकळ्या मनाने सांगितला. ज्या वाचकांनी आगरकरांस सोडले होते, त्यांस त्यांची थोरवी त्याच ‘केसरी’तून वाचावयास मिळाली.

पुढे काय झाले? आगरकरांच्या हयातीतच, १८९३ साली, फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या आधाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. १९२९ साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. आणि जाकीट? त्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. पोलके, मग झंपर, मग ब्लाऊज अशी नावे बदलीत ते घरोघर आले. शिवणयंत्रावर गृहिणीच ते शिवू लागल्या. ज्या वस्त्रावरून धर्म बुडत होता, तेच वस्त्र पुढे कुलीनपणाचे लक्षण ठरले. कारंज्याच्या गुरुमंदिरात दर्शनाला येणाऱ्या सुवासिनीच्या अंगावर अंगभर शिवलेले पोलके पाहून तिला भ्रष्ट म्हणण्याचे पुढे कोणाच्या मनातही आले नाही. ह्या बदलाचे श्रेय एका लेखास देणे अतिशयोक्तीचे होईल. शिक्षण, शहरवास आणि यंत्रे ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु जे पुढे सर्वांनी मुकाट्याने केले, ते आधी एकाने उघडपणे बोलून दाखविले होते, हे खरे.

स्त्रियांच्या नियतकालिकांतही ह्या कथेची पुनरावृत्ती झाली. ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. त्याने मराठी मध्यम वर्गातील गृहिणीस घरसंसाराबरोबर विचाराचीही गोडी लाविली. पन्नास वर्षांनी, १९८३ ते १९८६ ह्या काळात, विद्या बाळ त्याच्या संपादक होत्या. त्यांनी मासिकास स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी अधिक स्पष्टपणे जोडले. पुढे त्या तेथून बाहेर पडल्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतःचे मासिक काढले. मोठे, स्थिरावलेले पत्र सोडून लहान, स्वतंत्र पत्र काढण्याची आगरकरांनी घालून दिलेली वाट शंभर वर्षांनंतरही बुजली नव्हती.

ह्या इतिहासाचा बोध एकांगी नाही. वाचकांस रागावण्याचा हक्क आहे. वाचक रागावत नसेल तर तो वाचतच नाही असे समजावे. वर्गणी बंद करण्याचाही त्यांस हक्क आहे. परंतु संपादकाने आपल्या मनाचा केवळ आरसा व्हावे, एवढीच अपेक्षा वाचकाने धरली, तर त्या आरशात त्याला उद्याचा रस्ता कधीच दिसावयाचा नाही. उलट संपादकानेही हे ओळखले पाहिजे की, वाचकांचा कोप ही सत्याची खूण नव्हे. रागावलेल्या वाचकाच्या म्हणण्यातही पुष्कळदा तथ्य असते. आगरकरांचे मोठेपण असे की, वाचक रागावले म्हणून त्यांनी मत बदलले नाही, आणि मत बदलावयाचे नाही म्हणून दुसऱ्यांचे पत्र अडवूनही धरले नाही. ते उठले, बाहेर पडले, आणि थोड्या वाचकांनिशी पुन्हा पहिल्या अंकापासून आरंभ केला. अकोल्याच्या शाळेत शिकलेल्या त्या मुलाने वऱ्हाडच्या पत्रात जी लेखणी प्रथम धरली, ती शेवटपर्यंत वाकली नाही. त्यांस जिवंतपणी मेलेला ठरविणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्याच पणत्या-नाती मात्र शाळा-कॉलेजांत शिकून, स्वतः निवडलेले वस्त्र लेवून, आपल्या आवडीचे मासिक वाचीत आहेत, आणि ते न आवडल्यास संपादकास खरमरीत पत्रही लिहीत आहेत.